मदत हवी आहे: नवोदयचा निकाल लागेपर्यंत लेकीला कसं सांभाळू?

नमस्कार. लेक पाचवीत आहे. नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा दिली आणि तेव्हापासून घरात निकालाशिवाय विषय नाही. तारीख कुणालाच माहीत नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखं कुणीतरी "यादी लागली" म्हणून पीडीएफ टाकतं, उघडावी तर मागच्या वर्षीची निघते.

परीक्षेपर्यंत अभ्यासात दिवस जायचा. आता ती प्रश्न आठवून आठवून सोडवत बसते. 80 प्रश्नांतले 40 बुद्धिमत्तेचे, आणि तिचा जीव अडकलाय तो घडी घातलेल्या कागदाला भोक पाडतात त्या आकृतीत. काल रात्री वहीचं पान फाडून तिने खरंच घडी घातली, कर्कटकाच्या टोकाने भोक पाडलं, कागद उलगडून बघितला आणि काही न बोलता दप्तर भरायला लागली. अशा वेळी विचारावं की राहू द्यावं?

सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते, हे तिला माहीत आहे. एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा आणि अख्ख्या जिल्ह्यातली मुलं बसलेली. त्यात भेटेल तो नातेवाईक "काय गं, लागला का निकाल?" विचारतो. ती हल्ली पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते.

आणखी एक, जे घरात कुणाशी बोलता येत नाही. नंबर लागला तर ती वसतिगृहात जाणार. नाही लागला तर तिचं मन मोडेल, आणि लागला तर माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा येतोय. हे तिला कळू न देता कसं वागायचं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी स्वतः नवोदयचा. कागदाचं तिला जरूर विचारा, पण "बरोबर आलं का?" असं नको. "दाखव बरं, कसं उलगडतं ते" म्हणा. चुकलं असेल तर आपणहून सांगेल, मनातलं ओझं उतरेल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे मात्र स्पष्ट सांगा. मुलं उगाच तो हिशोब धरून बसतात.

प्रतिसाद २
शिक्षिका आहे, दरवर्षी वर्गातली मुलं बसतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं. कागदपत्रांत कुणी बाद होतं, कुणी प्रवेश घेत नाही, मग पुढची यादी लागते. नववीतही रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. पण हे आत्ताच सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी सांगितलं तर मुलांना ती नुसती समजूत वाटते. नातेवाइकांना तुम्हीच सांगा, "निकाल लागला की आम्हीच फोन करू." मुलीवर उत्तर द्यायची वेळच येऊ देऊ नका. आणि ग्रुप म्यूट करा. रोल नंबर आणि जन्मतारीख टाकून निकाल अधिकृत वेबसाइटवरच बघायचा.

प्रतिसाद ३
माझा मुलगा तिथे आठवीत आहे. पोटातल्या गोळ्याबद्दल लिहितो. आम्ही लपवायला गेलो, त्याला बरोबर कळलं आणि त्याला वाटलं आपण जाऊ नये अशी आईची इच्छा आहे. त्यापेक्षा "तू गेलीस तर मला करमणार नाही, आणि तरी तू जावंस असं वाटतं" हे सरळ बोला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना दोन्ही एकदम समजतं. ग्रामीण कोट्यातून फॉर्म भरला असेल तर तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत शिकल्याचा दाखला तयार ठेवा. हाताला काम राहील.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिच्याकडून कागद उलगडून घेतला. उत्तर बरोबर होतं, पण पेपरात दुसरा पर्याय रंगवलाय म्हणाली. रडली थोडी, मग जेवली नीट. दाखल्यासाठी उद्या शाळेत जाते. प्रतिसाद ३, एक विचारायचं होतं: पहिल्या महिन्यात मुलगा फोनवर काय बोलायचा?