दररोज रात्री ठरावीक वेळी डोळ्यामागे उठणारी कळ: ऑक्सिजनचा उपयोग होतो का?

प्रश्न (सांगली):
माझे यजमान हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. गेले तीन आठवडे रोज रात्री दीडच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्यामागे असह्य कळ उठते, डोळा लाल होऊन पाणी वाहते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते आणि तासाभराने सारे आपोआप थांबते. त्या वेळात ते अंथरुणावर टिकत नाहीत. कपाळ मुठीने दाबत माजघरात येरझाऱ्या घालतात. गेल्या वर्षीही सौद्यांच्या दिवसांत दीड महिना हेच झाले, तेव्हा हळदीच्या धुळीने सायनस झाला असे समजून औषधे घेतली, एक दाढही काढली. आता मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘क्लस्टर हेडेक’ (काही आठवडे रोज ठरावीक वेळी एका डोळ्यामागे उठणारी तीव्र डोकेदुखी) असे निदान करून व्हेरापामिल हे औषध सुरू केले आहे आणि कळ उठताच ऑक्सिजन घ्यायला सांगितले आहे. याचा कोणाला अनुभव आहे का?

उत्तर १ (कराड):
ताई, मला हा आजार नऊ वर्षे आहे आणि ऑक्सिजननेच मला सर्वांत जास्त आधार दिला आहे. मात्र तो मिनिटाला १२ ते १५ लिटर या वेगाने, पिशवी असलेल्या मास्कमधून, १५ ते २० मिनिटे घ्यावा लागतो. करोनाच्या काळात घेतलेले, मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे यंत्र मी वापरून पाहिले, ते पुरले नाही, सिलिंडरच लागतो. डोळा चुरचुरू लागताच मास्क लावावा, आणि त्या खोलीत समईसुद्धा पेटती ठेवू नये. हे दिवस सरेपर्यंत दारू पूर्ण वर्ज्य करावी, कारण एका पेल्यानेही कळ उठते.

उत्तर २ (सातारा, डॉक्टर):
अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडतो, तर या आजाराचा रुग्ण स्वस्थ बसूच शकत नाही; हा फरक निदानात फार मोलाचा आहे. शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाचा यात संबंध असल्यामुळे वेळ इतकी ठरलेली असते. साध्या वेदनाशामक गोळीचा परिणाम सुरू होईपर्यंत झटका बहुधा ओसरलेला असतो आणि श्रेय मात्र गोळीला मिळते. ऑक्सिजनखेरीज सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे त्वचेखालील इंजेक्शन लवकर गुण देते, परंतु हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. व्हेरापामिल झटका थांबवत नाही, तर पुढचे झटके रोखते. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागत असल्याने मधल्या काळासाठी काही दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले जाते. व्हेरापामिलची मात्रा वाढवण्यापूर्वी ईसीजी अवश्य करावा, आणि झाला नसेल तर मेंदूचा एमआरआयही एकदा करून घ्यावा.

प्रश्नकर्ती:
आपले दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री १ वाजून ४० मिनिटांनी मास्क लावला. दोन वाजण्याआधीच ते स्वतःहून पाण्याचा तांब्या मागून अंथरुणावर बसले. ईसीजी सोमवारी करणार आहोत.