विवाहबाह्य संबंधांवरचे थरारपट : तुम्हाला कोणती जागा पटली नाही?

रातराणी :
परवा दाराचे लॅच बदलून घेताना किल्लीवाल्याने दोन हुबेहूब किल्ल्या हातावर ठेवल्या आणि मला हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४) आठवला. बायकोचे प्रेमपत्र चोरून तिच्या खुनाचा बेत शांतपणे रचणारा टोनी, उलट मारेकरीच मारला गेल्यावर, त्याच्या खिशातली किल्ली काढून तिच्या पर्समध्ये टाकतो, पण ती आपल्याच दाराची आहे का, हे लावून पाहत नाही. मारेकऱ्याने तर दार उघडताक्षणीच खरी किल्ली जिन्यावरच्या गालिच्याखाली परत ठेवलेली असते. एवढा हिशेबी माणूस नेमका इथेच गाफील कसा राहिला, हे मला कॉलेजात असल्यापासून पटलेले नाही. तुम्हाला खटकलेल्या जागा लिहा. रहस्ये अर्थातच फुटणार आहेत.

काळा_कोट :
पोलीस वाटेवर असताना किल्ल्या लावून पाहायला सवड कुणाला असते? मला खटकते ती टोनीच्या बायकोला, मार्गोला झालेली फाशीची शिक्षा. गळा आवळणाऱ्याला तिने हाताला लागलेल्या कात्रीने मारले, म्हणजे वरवर पाहता सरळसरळ स्वसंरक्षण. गळ्यावरच्या वळांवरून डॉक्टरांची उलटतपासणीच दिवसभर चालली असती, पण पडद्यावर सारा खटला तिच्या चेहऱ्यामागे रंग बदलून उरकला आहे. आपल्याकडच्या चित्रपटांत याहून ढोबळ चूक असते. चिडलेला नवरा बायकोला 'व्यभिचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवीन' अशी धमकी देतो, आणि ती घाबरते. वास्तविक कलम ४९७ खाली फक्त परपुरुषावर खटला भरता येत असे, पत्नीला गुन्ह्याची साथीदार म्हणूनही शिक्षा होत नसे. आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. माझे अशील ती धमकी खरी मानून येतात, तेव्हा पटकथाकारांचा राग येतो.

पेठेतला :
'अंधाधुन' (२०१८) पुण्यात घडतो, म्हणून लिहितो. भरदिवसा फ्लॅटमध्ये खून होतो, प्रेत सुटकेसमध्ये भरून बाहेर काढले जाते आणि इमारतीत कुणाला त्याचा पत्ता लागत नाही! आमच्या जिन्यातून गादी वर नेली तरी तळमजल्यावरच्या आजी 'पाहुणे येणार वाटतं?' असे विचारतात.

जिन्याखाली :
पेठेतले काका, चित्रपट नीट पाहा. शेजारच्या डिसाबाईंनी एका माणसाला पाहिलेले असते आणि त्या ते पोलिसांना सांगतात, म्हणून तर खून झालेल्याची बायको सिमी त्यांना वरून ढकलून देते. माझी शंका निराळी आहे. खुनाचा साक्षीदार आकाश तक्रार नोंदवायला ज्या ठाण्यात जातो, तिथला इन्स्पेक्टर हाच सिमीचा प्रियकर निघतो, इथपर्यंत योगायोग म्हणून मान्य. पण नंतर त्याला दुसरे ठाणे किंवा आयुक्तालय का आठवत नाही?

पेठेतला :
आंधळ्याचे सोंग घेतलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला खून कुठल्या ठाण्यात नोंदवायचा, हे आधी सांगा. डिसाबाईंचा मुद्दा मान्य. आजींनाही सावध करतो.

मोगरा :
भाजी फोडणीला आहे, म्हणून थोडक्यात. 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन' (१९८७) चा मूळ शेवट नायकाने झिडकारलेल्या अ‍ॅलेक्सच्या आत्महत्येचा होता. चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून न्हाणीघरातली झटापट नव्याने चित्रित केली. तोवर एकटी, दुखावलेली वाटणारी बाई एकाएकी टबातून उठणारी हडळ होते. मी रुग्णालयात काम करते. स्वतःच्या जिवावर उठलेल्या बाया तिथे येतात, पण सुरा घेऊन दुसऱ्याच्या घरी गेलेली एकही मला भेटलेली नाही.

नगरकर :
पडद्यावर पटणार नाही असे खऱ्या आयुष्यात काय काय घडते, यासाठी नानावटी खटल्याचा निवाडा वाचावा. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेमसंबंधांची कबुली दिल्यावर नौदलातले कमांडर नानावटींनी तिला आणि मुलांना चित्रपटगृहात सोडले, सहा वाजता न्यायला येतो असे सांगितले, आणि जहाजावर जाऊन 'रात्री एकट्याला मोटारीने अहमदनगरला जायचे आहे' या सबबीवर रिव्हॉल्वर व सहा काडतुसे घेतली. आमच्या गावाचे नाव खुनाच्या सबबीत आले, याचे माझ्या आजोबांना अखेरपर्यंत वैषम्य होते. हे कुणी कथेत लिहिले असते तर संपादकाने 'बायकामुलांना सिनेमाला पाठवणे अतिरंजित वाटते' असा शेरा मारून साभार परत केले असते.

काळा_कोट :
त्याच खटल्यात टॉवेल होता. गोळ्या घातल्या गेलेला पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा स्नान करून नुसत्या टॉवेलवर होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असे बचाव पक्ष म्हणत होता, तर झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिलाच नसता, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तरीही जूरीने नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. टॉवेलचा असा कीस आपले पटकथाकार कधी पाडत नाहीत.

खारा_वारा :
टॉवेलचे राहू द्या. त्या प्रकरणावर बेतलेल्या 'रुस्तम' (२०१६) मध्ये नायकाला नुसती मिशी आहे. त्या काळी नौदलात ठेवायची तर दाढी-मिशी दोन्ही, नाहीतर सफाचट, असाच नियम होता. माझे वडील नौदलात होते; बायकोचे प्रकरण, खून, खटला हे सगळे त्यांनी निमूटपणे पाहिले, पण त्या मिशीवर मध्यंतरभर बोलत राहिले.