मदत हवी आहे: नुसती चेन बदलू की पूर्ण किट?

१५० सीसीची गाडी, ४२८ साइजची साधी चेन, म्हणजे ओ-रिंग (पिनांपाशी ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या) नसलेली. चेन ताणून २१ पिनांमधलं, म्हणजे २० कड्यांचं अंतर मोजलं: २६० मिमी. नव्या चेनचं २५४ भरतं आणि २५९ च्या पुढे ती बाद. शिवाय चाक फिरवलं की एका जागी ३० मिमी ढील, अर्ध्या फेरीनंतर तीच चेन ताठ. ॲडजस्टर शेवटच्या खुणेवर आहे, त्यामुळे आणखी ताणण्यात अर्थ नाही.

मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे) दाते एका बाजूला वाकलेत, पुढचे मात्र बरे दिसतात. मेकॅनिक म्हणतो नुसती चेन टाका. मला ते पटत नाही. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर ताणते. म्हणून दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन, म्हणजे पूर्ण किटच, एकदम बदलायचं ठरवतोय. मागचं चाक निघणारच आहे, तर हबमधले रबरही बघेन.

प्रश्न असे:

पावसाळ्यात नाशिकच्या त्र्यंबक रोडच्या चिखलात ओ-रिंग चेन टिकेल, पण ती रुंद असते. पुढच्या कव्हरला किंवा चेनकव्हरला घासते का? कोणी बसवली आहे?

पुढे १५ ऐवजी १६ दात्यांचं घ्यावं का? ओढ साधारण ६ टक्के कमी होईल. डबलसीट कसारा घाट चढताना जाणवेल अशी शंका आहे.

सातपूर-अंबडकडे कंपनीचं किट खात्रीने कुठे मिळतं? लिंक लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवरच्या क्लिपची) बंद बाजू चेनच्या चालीकडे ठेवणारा मेकॅनिकही सुचवा, हे बरेच जण उलटं बसवतात.