वामनदादांची गाणी, वेगळ्या बाजात: आपले अनुभव लिहा

सप्रेम जय भीम. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले आणि १५ मे २००४ रोजी आपल्यातून गेलेले लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी आज कव्वालीच्या मंचापासून डीजेच्या भिंतीपर्यंत आणि गझलेच्या बैठकीपासून रॅपपर्यंत ऐकू येतात. त्यांच्या मूळ चालीला हात लावू नये, असे मत वारंवार मांडले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या कवीने १९४३ साली लिहिलेले पहिले गीतच एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते, आणि पुढेही लोकांच्या ओठांवरच्या तयार चाली त्यांनी मोकळेपणाने वापरल्या. जपायचे असेल तर चालीपेक्षा शब्द जपावेत. ज्यांनी ही गाणी निराळ्या पद्धतीने गायली, वाजवली किंवा बसवली, त्यांनी त्यात काय टिकले आणि काय निसटले, हे सविस्तर लिहावे.

नाशिक, पेटीवादक

आमच्या गायन पार्टीत मी जवळपास चाळीस वर्षे पेटी वाजवली. आमच्या वह्यांमध्ये गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून त्यापुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचा मुखडा टिपलेला असे. पुढे ते सिनेमे विस्मरणात गेले आणि चाली मात्र आमच्याकडे राहिल्या. इतक्या, की एका तरुणाने मला गंभीरपणे विचारले होते, ‘दादा, आपली चाल त्या सिनेमावाल्यांनी चोरली कशी?’ ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे गीत आम्ही कव्वालीच्या अंगाने गात असू. मुख्य गायकाने ‘जर’ या शब्दावर थांबायचे, श्रोत्यांकडे पाहायचे, आणि मगच कोरसने ‘पाच लोक असते’ उचलायचे, असा आमचा परिपाठ होता. एका जयंतीला कोरसचे दोघेच आले होते. समोरून आवाज आला, ‘अहो, पाच तरी आणायचे होते!’ त्या रात्री त्या ओळीचा अर्थ आम्हांला जितका बोचला, तितका पूर्वी कधी बोचला नव्हता.

पुणे, गायिका

माझे शिक्षण ख्यालगायनाचे. ‘भीमा तुझ्या मताचे’ हे गीत प्रथम कागदावर वाचले तेव्हा लक्षात आले, की त्याची पहिली ओळ आनंदकंद वृत्तात चोख बसते: गागालगा लगागा, गागालगा लगागा (‘गा’ म्हणजे दोन मात्रांचे गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचे लघू). सुरेश भटांची ‘केव्हातरी पहाटे’ याच वृत्तात आहे. ओळीच्या मात्रा होतात चोवीस, म्हणजे हिशेबाने आठ मात्रांच्या केरव्याची तीन आवर्तने किंवा सहा मात्रांच्या दादऱ्याची चार. त्यामुळे ती दोन्ही तालांत सहज बोलते. मी दादरा निवडला, लय उतरवली आणि कोमल स्वरांच्या आधाराने ते गझलेसारखे गायले. सभागृह शांत झाले, दादही मिळाली. कार्यक्रमानंतर विहारातील एक वृद्ध गृहस्थ भेटले आणि म्हणाले, ‘ताई, गळा गोड आहे तुमचा, पण दादांनी पुढच्याच ओळीत तलवारीच्या टोकाविषयी लिहिलंय. तुम्ही ते टोक बोथट केलंत.’ प्रथम मला राग आला. घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकल्यावर जाणवले, की कवीने आपल्याच माणसांना दिलेल्या टोमण्याचा मी विलाप करून टाकला होता. आता मी दादराच ठेवते, परंतु लय वाढवते, आणि ‘असते’ या क्रियापदावर आलाप घेत नाही. ते तोडून म्हणते.

नागपूर, मिरवणुकीत ध्वनियंत्रणा सांभाळणारा

आम्हांला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट स्वतःहून कबूल करतो. ठोके वाढवून गाणे दीड-दोन मिनिटांत बसवताना सर्वांत आधी शेवटचे कडवे कापले जाते, आणि दादांच्या अनेक गीतांत ‘वामन’ ही नाममुद्रा नेमकी तिथेच असते. ठेका राहतो, कवी जातो. मला हे एका शाळकरी मुलाने विचारलेल्या ‘हे गाणं कोणाचं?’ या प्रश्नामुळे उमगले. त्यानंतर मी मधले कडवे कापू लागलो आहे.

मुंबई, महाविद्यालयीन विद्यार्थी

आम्ही मित्रांनी ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो’ हे गीत रॅपमध्ये बसवले. वस्तुतः बसवावे लागलेच नाही. टाटा, बाटा, साठा, वाटा ही यमके ओठांवर येताच तोंडानेच ताल धरला जातो. ‘ट’ आणि ‘ठ’ या वर्णांनी ड्रमचे काम केले. अडचण निराळीच उद्भवली. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते, की जुनी नावे काढून आजच्या धनाढ्यांची घालावीत, म्हणजे गाणे ताजे वाटेल. आम्ही तसे करूनही पाहिले, परंतु नवी नावे लांब होती, यमक सुटले आणि प्रश्नाऐवजी नुसती यादी झाली. माझी आजी गिरणगावातली. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने एवढेच म्हटले, ‘नावं कुणाचीही घाला, पण “आमचा वाटा” तेवढा सोडू नका.’ आम्ही दादांचे शब्द जसेच्या तसे ठेवले, आपली कडवी स्वतंत्र लिहिली आणि दोहोंच्या मध्ये फक्त टाळ्या ठेवल्या, जेणेकरून कुठले कोणाचे ते ऐकणाऱ्याला कळावे.

बंगळुरू, गृहिणी

माझा अनुभव मंचावरचा नाही. ‘उद्धरली कोटी कुळे’ हे मी मुलीला झोपवताना अगदी संथ, ढोलकीशिवाय, गुणगुणते. माझी आई मला असेच झोपवत असे. मुलगी लवकर झोपते. काल मात्र डोळे मिटता मिटता तिने विचारले, की कोटी म्हणजे किती, आणि त्यात आपण आहोत का.