हासिंतो कातिपुनानचा मेंदू की नुसता लेखनिक?

सडेतोड: काल इथे कुणीतरी लिहून गेलं की फिलिपिन्समध्ये स्पेनविरुद्ध उठलेल्या कातिपुनान या गुप्त संघटनेतला एमिलिओ हासिंतो म्हणजे तिचा पुढारी बोनिफासिओ याचा कारकून, विसाव्या वर्षी कसला मेंदू, पुस्तकवाल्यांनी उगाच चढवून ठेवलाय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. सभासदांसाठी बोनिफासिओने स्वतः दहा कलमं लिहिली होती. हासिंतोची 'कार्तिल्या', म्हणजे सभासदांसाठीची शिकवण, आल्यावर त्याने आपली बाजूला ठेवली आणि नव्या माणसाच्या हाती हीच दिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकीत कर्तव्यांची यादी आहे. दुसरीत कातडी काळी की गोरी याने माणूसपण कमी होत नाही, बाईला करमणुकीची वस्तू समजू नका, असा विचार आहे. मालक आपला मसुदा कारकुनासाठी मागे घेतो का?

शंकासुर: मसुदा चांगला, मान्य. पण संघटना उभी राहिली ७ जुलै १८९२ ला, हासिंतो आला नंतर. आणि कातिपुनानच्या 'कालायाआन' या वृत्तपत्राच्या एका अंकाने सभासद ३०० चे ३०,००० झाले, हे कृपया आता आणू नका. तो दावा कातिपुनानच्याच पिओ वालेन्सुएलाचा, आणि त्याची १८९६ ची जबानी नि म्हातारपणीच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत.

खिळेवाला: एक अंक म्हणून नाक मुरडण्याआधी तो निघाला कसा ते बघा. छपाईचं यंत्र आलं कास्तियो आणि इबान या दोघांच्या लॉटरीच्या पैशातून. अक्षरांचे खिळे अपुरे, म्हणून 'दिआरिओ दे मनिला' या वृत्तपत्राच्या छापखान्यातल्या कामगारांनी तिथून गुपचूप उचलून आणले. त्यात स्पॅनिश खिळ्यांच्या पेटीत 'के' हे अक्षर नावालाच, कारण त्या भाषेला तो लागतच नाही. इथे कातिपुनान 'के'ने सुरू, कालायाआन 'के'ने सुरू! खिळे कमी असले की थोडं जुळवा, छापा, खिळे सोडवून परत पेटीतल्या घरात टाका, मग पुढचं. आठ पानं होती. अंकावर तारीख १८ जानेवारी १८९६, बाहेर पडला मार्चमध्ये. वर पत्ता योकोहामाचा आणि संपादक म्हणून पत्रकार देल पिलारचं नाव, म्हणजे पोलिस जपानकडे बघत बसणार.

शंकासुर: एवढी हुशारी, तर कातिपुनानच्या पावत्या छापायचा शिळाछापाचा दगड त्याच 'दिआरिओ'त कसा सापडला? १९ ऑगस्टला पाद्री हिल तिथे घुसला आणि सगळं उघडं पडलं.

खिळेवाला: उलटं सांगू नका हो. फुटलं दगडामुळे नाही. कातिपुनानमधल्या पातिन्योचं छापखान्यातल्या सहकाऱ्याशी पगारावरून बिनसलं, पातिन्योने बहिणीला सांगितलं, बहिणीकडून ते अनाथाश्रमातल्या जोगिणीकडे, तिथून पाद्र्याकडे. दगड त्यानंतर मिळाला. यात हासिंतो कुठे आला?

शंकासुर: धागा हासिंतोचा आहे, खिळ्यांचा नाही. तुम्हाला जुळाऱ्यांचा इतिहास लिहायचा असेल तर वेगळा काढा.

दर्यावर्दी: छापखान्यातून बाहेर या दोघेही. १० मे १८९७ ला बोनिफासिओला आपल्याच लोकांनी मारलं, तेव्हा हासिंतोचा पाठीराखा गेला. निव्वळ लेखनिक असता तर बोनिफासिओचा प्रतिस्पर्धी आगिनाल्दो याच्या दारात उभा राहिला असता. हा लागुना प्रांतात लढत राहिला. फेब्रुवारी १८९८ मध्ये माग्दालेनाजवळ मायम्पिसला जखमी होऊन पकडला गेला. जवळ एका स्पॅनिश हेराच्या नावाचा परवाना होता, तो दाखवून सुटला. १६ एप्रिल १८९९ ला माहायहायला मलेरियाने गेला, वय २३.

शंकासुर: धाडस नाकारलंय कुणी? पण वेगळं लढणं म्हणजे ऐन वेळी फूटच.

सडेतोड: फूट तेहेरोसच्या सभेत पडली, २२ मार्च १८९७ ला. बोनिफासिओ गृहखात्याच्या पदावर रीतसर निवडून आला आणि आगिनाल्दोच्या गटातला तिरोना उठून म्हणाला, या पदाला वकील हवा. त्या सगळ्या प्रकाराचं सविस्तर पत्र बोनिफासिओने एप्रिलमध्ये कुणाला लिहिलं? हासिंतोला.

शंकासुर: गाऱ्हाणं सांगणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे. बरं, कारकून नव्हता, एवढं दिलं. मेंदूचा मुकुट मात्र तुमच्या खर्चाने घाला.