धान्य भरडायची दोन रोलरची हाताची मिल मोटरवर घ्यायची आहे, इंदूरमधल्या जाणकारांचा सल्ला हवा

जवाची_भरड
नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ कॅनडात घरी बिअर बनवतो, तिकडे त्याला कायद्याची परवानगी आहे. त्याने मोठी मिल घेतली आणि जुनी मला दिली. मी मद्य करत नाही. आपल्या मध्य प्रदेशात परवान्याशिवाय ते करताही येत नाही, तेव्हा तो विषय इथे नको. मी जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करते. ते भरडून ६५ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात मुरवते, गाळते आणि तो गोड काढा आटवून पाक करते. पावात घालायला, आईच्या पेजेत घालायला फार छान लागतो.

एका वेळी पाच-सहा किलो भरडायचं असतं आणि हँडल फिरवून खांदा भरून येतो. घरात १३ मिमी चकचा ड्रिल आहे, जुन्या कूलरची मोटरही पडून आहे. त्यातलं काही चालेल, की नवीन मोटर घ्यावी? दहा-बारा हजारांपर्यंत तयारी आहे. भावाने पुलीच्या मापांचा तक्ता पाठवलाय, त्यात मोटरला २ इंच आणि मिलला १२ इंच दिलंय. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे आवाजाचाही विचार करावा लागेल.

पोलोग्राउंडवाला
ताई, आधी एक गोष्ट पक्की करा: मिल किती फेऱ्यांनी फिरवायची. दोन रोलरच्या मिलला मिनिटाला १५० ते २०० फेरे पुष्कळ झाले. लोक ताकदीच्या मागे लागतात, एक एचपी (अश्वशक्ती), दोन एचपी. तुमच्या मिलला अर्धा एचपी भरपूर आहे. पैसा खर्च करायचा तो वेग कमी करण्यावर. पट्ट्याने किंवा गिअरने वेग उतरवला की तीच मोटर जास्त जोर देते. १८० फेऱ्यांवर अर्ध्या एचपीतून सुमारे २० न्यूटन-मीटर जोर मिळतो, आणि जव चिरडायला तेवढा खूप आहे.

भावाच्या तक्त्यावर जाऊ नका. तिकडची वीज ६० हर्ट्झची, तिथली चार पोलची (आत चार चुंबकी ध्रुव असलेली) मोटर १७२५ च्या आसपास फिरते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तशीच मोटर १४४० फिरते. त्यामुळे त्यांचं कुठलंच गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. तिकडून मोटर मागवायचा विचार असेल तर तोही सोडा, तिची वायरिंग बहुधा ११५-१२० व्होल्टची असते.

कूलरची मोटर विसरा. ती पंख्याची पाती फिरवायला बनलेली असते, दाणा अडकल्यावर सुरू व्हायला लागणारा जोर तिच्यात नसतो.

रामबागेतली_सून
वेग का कमी ठेवायचा ते माझ्याकडून. आमच्याकडे सासूबाई भाजणीच्या आणि भरडीच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणून मी हे बारकाईने पाहिलंय. जवाला टरफल असतं. माल्टचा काढा गाळताना तळाला तेच टरफल बसतं आणि त्यातूनच पाणी स्वच्छ झिरपतं. टरफलाचा चुरा झाला की थर घट्ट बसतो आणि गाळणं थांबतं. म्हणजे आपल्याला आतला पांढरा भाग फुटलेला हवा आणि टरफल जवळजवळ अख्खं. रोलर फार जोरात फिरले तर ते टरफलही फाडतात. घरघंटीत जव भरडू नये, तेही याच कारणाने. ती आपटून आणि जाळीतून गाळून पीठ करते, टरफल शिल्लकच ठेवत नाही.

इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणखी एक उपाय कराच. भरडण्याआधी दर किलोला साधारण २० ग्रॅम पाणी शिंपडून माल्ट वरखाली करा आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. टरफल चिवट होतं आणि सोलून निघाल्यासारखं अख्खं राहतं. पाणी जास्त झालं तर मात्र रोलरला पिठूळ थर चिकटतो आणि गंजही चढतो.

रोलरमधली फट १ मिमीपासून सुरू करा. एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. ते सैल जाईल एवढी फट ठेवा, मूठभर भरडून बघा, अख्खे दाणे दिसले तर थोडी कमी करा. दोन्ही टोकांना फट सारखी आहे ना, ते नक्की पाहा.

जवाची_भरड
बापरे, खूप मदत झाली. टरफलाचं कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग ड्रिलने सुरुवात केली तर?

लेथ_आणि_लोखंड
ड्रिलने एकदा चालवून बघा, फट बसवायला आणि मिल नीट फिरते का ते कळायला ते उत्तम. कायमची सोय म्हणून नको. तुमचा ड्रिल मोकळा २८००-३००० फिरत असेल. त्याला २०० वर आणलं की आतला पंखाही तितकाच हळू फिरतो, वारा लागत नाही आणि वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापतं. पाच-सहा किलो सलग भरडायला मी ड्रिल लावणार नाही. शिवाय त्यात कार्बन ब्रशच्या ठिणग्या असतात आणि भरडताना पिठाची धूळ उडते. मोटर बंद बॉडीची, बाहेरून पंखा असलेली घ्या.

आता वेग उतरवायचे दोन मार्ग. पहिला पट्ट्यांचा. एकाच टप्प्यात १४४० वरून १८० करायचं तर एकास आठ लागतात. २ इंची पुलीवर ए सेक्शनचा (व्ही आकाराच्या पट्ट्याचं एक माप) पट्टा फार वाकतो आणि लवकर झिजतो, ३ इंचाच्या खाली जाऊ नये. मग मिलला २४ इंची पुली लागेल, जी तुमच्या फ्लॅटमध्ये मावायची नाही. म्हणून मध्ये एक शाफ्ट घ्या. मोटरला ३, मधल्या शाफ्टला १२, तिथे ३६० फेरे. त्याच शाफ्टवर ५, मिलला १०, झाले १८०.

दुसरा मार्ग वर्म गिअरबॉक्सचा, म्हणजे मळसूत्री गिअरने वेग उतरवणारा बंद डबा. ७.५ चं गुणोत्तर घेतलं तर १९२ फेरे, १० चं घेतलं तर १४४. दोन्ही चालतील. जागा कमी लागते, आवाजही कमी. गिअरबॉक्स आणि मिलच्या मधे रबरी स्पायडरचं कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा सांधा) टाका, लवजॉय म्हणून मागा.

पोलोग्राउंडवाला
मी पट्ट्याच्या बाजूने आहे. जवात खडा निघाला तर पट्टा घसरतो आणि मिल वाचते. गिअरबॉक्स घसरत नाही, तो रोलरवरच जोर काढतो.

लेथ_आणि_लोखंड
मान्य, पण फ्लॅटमध्ये दोन पट्टे, चार पुल्या आणि त्या सगळ्यांना जाळीचं झाकण, एवढा पसारा कोण सांभाळणार? खड्याचा बंदोबस्त आधीच करता येतो. माल्ट चाळून घ्या आणि हॉपरच्या (दाणे ओतायच्या डब्याच्या) तोंडाशी एक मजबूत चुंबक लावा, खिळे-तारा तिथेच अडकतात. ताई, तुम्हाला माझा सल्ला गिअरबॉक्सचा. मोटर आणि गिअरबॉक्स जोडूनच घ्या. सियागंजात चौकशी करा, मोटरसाठी महाराणी रोडवर. जुना गिअरबॉक्स मिळाला तर शाफ्ट हाताने हलवून बघा, खेळ असेल तर घेऊ नका. तेलाची गळतीही बघा.

मिलचा शाफ्ट बहुधा इंचाच्या मापाचा, ३/८ किंवा १/२ असेल. आपल्याकडचं कपलिंग मिमीत मिळतं. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, तिथे १२ बसणार नाही आणि १३ सैल होईल. कपलिंगचं भोक लहान घेऊन लेथवर मापात वाढवून घ्या. शाफ्टवर ग्रब स्क्रूसाठी (कपलिंग आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) सपाट जागा घासून घ्या, नाहीतर स्क्रू फिरत राहील.

रामबागेतली_सून
सुरक्षेचं कोणी बोललं नाही म्हणून बोलते. ओढणी, पदर, मोकळे केस या यंत्राजवळ नकोत. कपलिंगवर पत्र्याचं झाकण हवंच. आणि साध्या स्विचवर चालवू नका, डीओएल स्टार्टर (मोटर चालू-बंद करायचा चुंबकी स्विच) बसवा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते, त्यामुळे वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. हात रोलरपाशी असताना वीज आली तर काय होईल याचा विचार करा. अर्थिंग तपासून घ्या. घरात लहान मूल असेल तर हॉपरला बोटं जाणार नाहीत अशी जाळीही लावा.

जवाची_भरड
सगळ्यांचे मनापासून आभार. गिअरबॉक्सचं ठरतंय, ७.५ चं गुणोत्तर. दोन शेवटचे प्रश्न. मोटर उलटी फिरली तर? आणि याच मिलमध्ये नाचणी आणि बाफल्याचं (उकडून भाजलेल्या बाटीचं) जाडसर पीठ होईल का?

लेथ_आणि_लोखंड
सिंगल फेज कपॅसिटर मोटरमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की दिशा बदलते. वायरमनकडूनच करून घ्या. सुरू करताना हॉपर बंद ठेवा. मोटरने वेग पकडल्यावर दाणा सोडा, आणि बंद करायच्या आधी हॉपर रिकामा होऊ द्या.

रामबागेतली_सून
नाचणीचा दाणा फार बारीक, जवासाठी लावलेल्या फटीत तो नीट फुटत नाही. ती जात्यावर किंवा चक्कीवरच. बाफल्याला फट कमी करून दोनदा गहू काढलात तर रवा, पीठ आणि कोंडा मिसळून येतो, पण एकसारखा नाही. बाफल्याचं पीठ चक्कीवाल्याला जाड दळायला सांगा. लापशीची भरड आणि ज्वारीच्या कण्या मात्र या मिलमध्ये छान होतील, फट जवाहून वेगळी ठेवावी लागेल. प्रत्येक धान्याची फट एकदा बसली की रोलरच्या स्क्रूपाशी रंगाने खूण करून ठेवा.