एचआयव्हीची तीन सिरप, अडीच वर्षांचं मूल: मोजायचं आणि पाजायचं नेमकं कसं?

प्रश्न: सांभाळकर्ती

मूल अडीच वर्षांचं, वजन १२ किलो. गोळी गिळता येत नाही, म्हणून तिन्ही औषधं सिरपमध्ये आहेत. चिठ्ठीवर लोपिनाविर-रिटोनाविर २ मिली, झिडोवुडिन १२ मिली आणि लॅमिवुडिन ६ मिली असं लिहिलंय, तिन्ही दिवसातून दोनदा. पाजणारी माणसं मात्र तीन आहेत. एकजण चमच्याने मोजतं, एकजण बाटलीच्या टोपणाने, तर तिसरं सगळं दुधाच्या बाटलीत मिसळतं. लोपिनाविर तोंडात गेलं की मूल थुंकतं, कधी उलटी करतं. मोजायची पद्धत, फ्रिज, उलटी आणि चुकलेला डोस यांबद्दल पक्कं सांगाल का?

उत्तर १: मात्रा_मोजा

चमचा आणि टोपण आजच बंद करा. घरातल्या दोन चमच्यांत सारखं औषध मावत नाही. २ मिलीच्या औषधात अर्ध्या मिलीचा फरक पडला तर पाव डोस गेला. तोंडाने औषध द्यायची, सुई नसलेली सिरिंज वापरा. प्रत्येक औषधाला वेगळी हवी, आणि बाटलीवर व तिच्या सिरिंजवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा.

लोपिनाविरसाठी ३ किंवा ५ मिलीची सिरिंज घ्या, २० मिलीची नको. मोठ्या सिरिंजवरच्या रेघा लांब लांब असतात, त्यात २ मिली अंदाजानेच मोजलं जातं. झिडोवुडिनसाठी मात्र २० मिलीची सोयीची. ५ मिलीची असेल तर ५, ५ आणि २ असं तीनदा भरावं लागतं, आणि मूल रडत असताना कितवी भरली हे हमखास विसरतं. तसं करावंच लागलं तर झिडोवुडिनच्या तीन सिरिंज आधी भरून ओळीने ठेवा, मग मुलाला मांडीवर घ्या.

भरताना बाटलीच्या तोंडात बसणारं प्लास्टिकचं बूच असेल तर सिरिंज त्यात घट्ट बसवून बाटली उलटी करा आणि दांडा हळू ओढा. बुडबुडा दिसला की औषध परत बाटलीत ढकला आणि पुन्हा ओढा. बुडबुड्याने व्यापलेली जागा म्हणजे न मिळालेलं औषध. आकडा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचा. दांड्याच्या काळ्या रबराला कधी मधोमध टोक असतं. ते टोक सोडून द्या. रबराची जी रुंद कड सिरिंजच्या भिंतीला टेकलेली असते, ती रेघेवर आली पाहिजे. सिरिंजच्या टोकाला छोटी टोपी असेल तर ती आधीच काढून फेकून द्या, पाजताना सुटली तर घशात अडकू शकते.

मिली आणि मिग्रॅ यांतली गल्लत सर्वात घातक. झिडोवुडिन आणि लॅमिवुडिनच्या सिरपमध्ये साधारणपणे १ मिलीत १० मिग्रॅ औषध असतं. म्हणजे ६० मिग्रॅ सांगितलं तर ६ मिली. तिथे कोणी ६० मिली भरलं तर दहापट डोस झाला. म्हणून बाटलीवर फक्त मिली लिहा, तेही अक्षरांत: «बारा मिली», «सहा मिली», «दोन मिली».

उत्तर २: औषधपेढीतून

वरचं सगळं बरोबर. लोपिनाविरच्या बाटलीबद्दल जास्त सांगते, कारण तिन्हींत तीच सर्वात जपून हाताळायची आहे.

या सिरपमध्ये १ मिलीत ८० मिग्रॅ लोपिनाविर आणि २० मिग्रॅ रिटोनाविर असतं. पण ते विरघळवण्यासाठी त्यात ४२.४ टक्के अल्कोहोल आणि १५.३ टक्के प्रोपिलीन ग्लायकोलही घातलेलं असतं. आता बाटल्यांची अदलाबदल झाली आणि झिडोवुडिनचे १२ मिली या बाटलीतून भरले गेले, तर औषध सहापट होतंच, शिवाय पाच मिलीहून जास्त शुद्ध अल्कोहोल १२ किलोच्या मुलाच्या पोटात जातं. याच घटकांमुळे हे सिरप जन्मानंतर किमान १४ दिवस होईपर्यंत देत नाहीत, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याहून उशिरा. माहितीपत्रकातच एका अशा बाळाची नोंद आहे: ६.५ मिली, म्हणजे सुमारे दहापट डोस एकदाच गेला आणि नऊ दिवसांनी ते बाळ दगावलं. म्हणून ही बाटली इतर दोन बाटल्यांच्या शेजारी ठेवूच नका. चुकून जास्त गेलंच तर लक्षणांची वाट पाहू नका, बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयात जा.

जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं जात असेल तर हे सिरप चालू असल्याचं आधी सांगा, अल्कोहोलमुळे दोन्हींचं जमत नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिन सुरू होणार असेल तेव्हाही सांगायलाच हवं, कारण त्याने लोपिनाविरची रक्तातली पातळी फार खाली येते.

साठवण: २ ते ८ अंश, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात नाही. बाहेर ठेवायचं तर २५ अंशांपर्यंतच, तेही माहितीपत्रकानुसार सहा आठवडे ते दोन महिने. बाहेर काढल्याची तारीख बाटलीवर लिहा. नुसत्या रिटोनाविरचं सिरप मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, नावं सारखी म्हणून घोटाळा होतो.

हे सिरप खाण्यासोबतच द्या, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. कडूपणा खूप असतो. आधी थोडा बर्फ चोखवून जीभ बधिर करा किंवा चमचाभर पीनट बटर चाटवा, मग औषध, लगेच काहीतरी गोड. सिरिंज जिभेवर रोखू नका, गालाच्या आतल्या बाजूला धरून थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक घोट गिळू द्या. नाक दाबून ओतलं तर औषध श्वासनलिकेत जायची भीती असते.

उत्तर ३: वॉर्डातली

दुधाच्या बाटलीत मिसळणं थांबवाच. मुलाने अर्धं दूध टाकलं तर किती औषध गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. तिन्ही औषधं एका सिरिंजमध्येही एकत्र करू नका.

डोसनंतर ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर साधारणपणे पूर्ण डोस पुन्हा देतात, त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबतात. पुन्हा दिलेलाही उलटला तर तिसऱ्यांदा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. थोडं थुंकलं, थोडं गिळलं असेल तर अंदाजाने भर घालू नका. डोस चुकला तर आठवताक्षणी द्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीही नाही. तुमच्या डॉक्टरांकडून हे नियम तासांसकट लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. पाजणारी माणसं तीन आहेत, तर शेजारीच तक्ता हवा: तारीख, वेळ, तीन चौकटी, सही. औषध पोटात गेल्यावरच सही, भरल्यावर नाही. «मला वाटलं तू दिलंस» हे त्याने टळतं, आणि दोनदा देणंही.

वजनाचं विसरू नका. हे डोस १० ते १३.९ किलोच्या गटातले आहेत. मूल १४ किलोचं झालं आणि डोस तोच राहिला तर औषध कमी पडतं, विषाणू दबत नाही आणि औषधाला दाद देईनासा होतो. प्रत्येक भेटीला वजन करून डोस नव्याने लिहून मागा. झिडोवुडिनने रक्त कमी होऊ शकतं. मूल फिकट दिसलं, लवकर दमायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सांभाळकर्ती

खूप उपयोग झाला. दोनच शंका: लोपिनाविरची गोळी कुटून दिली तर कडूपणा टळेल का? आणि खोकल्याचं साखर नसलेलं सिरप सोबत चालतं का?

औषधपेढीतून

कुटू नका. ती गोळी अख्खीच गिळायची असते. कुटली तर रक्तात पोहोचणारं औषध जवळजवळ निम्म्यावर येतं. त्याऐवजी डॉक्टरांना डोलुटेग्राविर या एचआयव्हीवरच्याच दुसऱ्या औषधाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या १० मिग्रॅच्या गोळीबद्दल विचारा. चार आठवड्यांवरच्या आणि ३ किलोपुढच्या मुलांना ती देता येते. थोड्या पाण्यात विरघळवून ३० मिनिटांच्या आत पाजायची, मग पेल्यात पुन्हा थोडं पाणी फिरवून तेही पाजायचं, कारण तळाशी औषध राहतं. मात्र मोठ्यांची ५० मिग्रॅची गोळी फोडून तिचे भाग करू नका, दोन्हींतला मिग्रॅचा हिशोब सारखा नाही.

साखर नसलेल्या सिरपमध्ये बऱ्याचदा गोडीसाठी सॉर्बिटॉल घातलेलं असतं आणि त्याने लॅमिवुडिनचं शोषण घटतं. बाटलीवरचे घटक वाचा, सॉर्बिटॉल दिसलं तर औषधविक्रेत्याकडून दुसरं मागून घ्या.